पोतडीतील आयुधे

साहित्याच्या वर्तुळात व्हिडिओ गेमचा विषय निघालाच, तर चर्चा दोन ठरावीक वाटांनी जाते. पहिली वाट हिंसेची: मारामारी किती, मुलांवर परिणाम काय, इत्यादी. दुसरी कथानकाची: अमुक खेळाला 'गोष्ट' आहे काय, आणि असल्यास ती कादंबरीच्या तोलाची आहे काय. या दोन्ही वाटांनी आम्ही पुष्कळ हिंडलो आणि हात हलवीत परत आलो. साहस-खेळाचा सारांश लिहून काढला तर तो बहुधा एखाद्या सामान्य परीकथेसारखा दिसतो: राजकन्या, दुष्ट राजा, तलवार. त्यावरून खेळाची प्रत ठरविणे म्हणजे बंदिशीचे शब्द वाचून गायकाची प्रत ठरविणे होय. आमच्या मते या खेळांचे खरे कथन नायकाच्या पोतडीत असते. त्याला वाटेत कोणत्या वस्तू आणि शस्त्रे मिळतात, ती कशी उपयोगी पडतात, आणि मुख्य म्हणजे किती वेळा उपयोगी पडतात, यात ते असते.

'उपयोग' हा शब्द समीक्षेत फारसा प्रतिष्ठित नाही, हे आम्हांस ठाऊक आहे. उपयुक्ततेचा आरोप साहित्यावर झाला की आपण सावरून बसतो. परंतु येथे तोच शब्द टाळला तर हाती काहीच उरत नाही.

व्लादिमीर प्रॉपने १९२८ साली रशियन परीकथांची जी घटकमांडणी केली, ती आपल्यापैकी अनेकांनी अभ्यासक्रमात पाहिली असेल. दाता भेटतो, नायकाची परीक्षा घेतो, नायकाला जादूची वस्तू मिळते. परीकथेत त्या वस्तूच्या उपयोगाची हमी असते. दिलेली फणी केव्हातरी मागे फेकली जाणार आणि तिचे घनदाट अरण्य होणार, याविषयी ऐकणाऱ्याला शंका नसते. चेखॉव्हची भिंतीवरची बंदूक हे याच हमीचे रंगभूमीवरचे रूप. खेळात ही हमी मोडते. कारण फणी फेकायची की नाही हे सांगणारा ठरवीत नाही, खेळणारा ठरवितो. तो ती विसरू शकतो, भलत्या ठिकाणी वापरू शकतो, शेवटपर्यंत जपूनही ठेवू शकतो. लोककथेचा सांगाडा जसाच्या तसा उचलूनही साहस-खेळ लोककथेपासून वेगळा होतो तो नेमका येथे.

याचे जुने आणि आजही ताजे वाटणारे उदाहरण म्हणजे 'कलॉसल केव्ह ॲडव्हेंचर'. विल क्राउदर हा प्रोग्रामर स्वतः गुहा धुंडाळणारा होता. केंटकीतील मॅमथ गुहेच्या आधारे त्याने १९७६च्या सुमारास हा खेळ रचला आणि १९७७ साली डॉन वुड्सने त्यात भर घातली. चित्र एकही नाही, सगळा कारभार शब्दांचा. गुहेत एक काळी काठी सापडते, एक पिंजरा सापडतो, आणि एक चिमुकला पक्षी दिसतो. पक्षी पिंजऱ्यात घ्यायचा तर हातातली काठी आधी खाली ठेवावी लागते, कारण पक्षी काठीला भितो. पुढे वाट अडवून बसलेल्या उग्र सापाला तलवार नव्हे, तर हाच पक्षी पळवून लावतो. नंतर मागे टाकलेली काठी परत आणून दरीच्या काठाशी हलविली की स्फटिकाचा पूल उभा राहतो. येथे तीन वस्तू एकमेकींशी बोलतात. एकीचा उपयोग दुसरीच्या त्यागातून निघतो. हे जर कथन नसेल, तर कथन म्हणजे काय याचा आपण फेरविचार केलेला बरा.

मात्र प्रत्येक विशेष वस्तूला हे भाग्य लाभत नाही. निन्टेन्डोच्या 'झेल्डा' मालिकेकडे (आरंभ १९८६) पाहावे. तिचा साचा असा: भुयारात शिरावे, मध्यावर एक नवे आयुध मिळावे, त्याच आयुधाने भुयाराचा राक्षस मारावा आणि बाहेर पडावे. १९९१च्या 'अ लिंक टू द पास्ट'मध्ये आलेला हुकशॉट, म्हणजे साखळीला लावलेला आकडा, या साच्यातलाच. पण तो साच्यात मावला नाही. तो दरी ओलांडवितो, दूरची वस्तू ओढून आणतो, शत्रूला क्षणभर बधिर करतो. १९९८च्या 'ओकारिना ऑफ टाइम'मध्ये तो पुन्हा आला. तेथे तो लाकडात रुततो, हे एकदा कळले की पूर्वी नुसते तुळया आणि छपरे म्हणून पाहिलेले जग निराळे दिसू लागते. पाहिलेल्या गावातून आपण पुन्हा जातो आणि ते गाव दुसऱ्यांदा वाचतो. पहिल्या वाचनात ज्या ओळीवरून आपण सहज पुढे गेलो होतो, तीच ओळ आता थांबविते.

याउलट २००६च्या 'ट्वायलाइट प्रिन्सेस'मधला स्पिनर. भोवऱ्यासारखी ही चकती; तिच्यावर उभे राहून भिंतीतल्या खाचांवरून सुसाट घसरता येते. वाळवंटातल्या ज्या भुयारात ती मिळते तेथे तिच्यासारखी मौज नाही. शेवटच्या अजस्र सांगाड्याशी होणारे युद्ध तर मालिकेतल्या उत्तम युद्धांत गणावे असे. बाहेर पडल्यावर मात्र ती चालावी अशा खाचा मोजक्याच ठिकाणी उरतात. उरलेला सगळा वेळ ती पोतडीत पडून राहते. रचनाकारांनी एवढी देखणी कल्पना एका भुयारापुरती खर्च का केली असावी, याचे आम्हांस आजही वाईट वाटते.

या दोहोंतला फरक आम्ही व्याकरणाच्या भाषेत सांगू. हुकशॉट हे क्रियापद आहे. त्याला कर्म कोणते द्यायचे ते खेळणाऱ्याने शोधायचे. स्पिनर हे क्रियापदाचा वेष घेतलेले नाम आहे. खरे पाहता ती एक किल्ली, आणि तिचे कुलूप आधीच नेमून दिलेले. किल्लीला आमचा विरोध नाही. पण किल्लीला आयुधाचा थाट दिला की फसवणूक होते.

'पॉइंट अँड क्लिक' जातीच्या खेळांत हा किल्लीपणा उघडच असतो, आणि त्याची दोन टोके १९९० या एकाच वर्षी दिसली. सिएराच्या 'किंग्ज क्वेस्ट ५'मध्ये बाजारात विकत घेतलेली पाय पुढे पर्वतावर यतीच्या तोंडावर फेकायची असते. ती आधीच खाऊन टाकली तर खेळ पुढे सरकत नाही, आणि असे झाले आहे हे तो सांगतही नाही. खाण्याचा पदार्थ खाल्ला याबद्दल ही शिक्षा! वस्तूच्या स्वाभाविक उपयोगाला गुन्हा ठरविणारे कथन आम्हांस अप्रामाणिक वाटते. त्याच वर्षी रॉन गिल्बर्ट यांचा 'द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड' आला. त्यात पोटात कप्पी बसविलेली रबराची कोंबडी मिळते. तिचाही उपयोग एकच, तारेवरून लोंबकळत पलीकडच्या बेटावर जाणे. पण ती पहिल्यापासून हास्यास्पद असल्यामुळे तिचा एकुलता एक उपयोग हा विनोदाचा शेवटचा शब्द ठरतो. याच खेळात तलवारबाजी आहे आणि तिच्यात तलवार जवळजवळ निरुपयोगी आहे: जिंकतो तो ज्याचे प्रत्युत्तर बिनतोड असते. चाच्यांशी लढून टोमणे आणि त्यांची उत्तरे शिकायची. मग तलवारबाजीतली श्रेष्ठ स्त्री निराळेच टोमणे मारते, आणि शिकलेली जुनी उत्तरे तिथे नव्या अर्थाने लागू करावी लागतात. अर्थ संदर्भाने बदलतो हे वर्गात शिकविताना आम्ही याहून चांगले उदाहरण दिले आहे, असे छातीठोकपणे म्हणवत नाही.

आता जपून ठेवण्याविषयी. साहस-खेळ खेळणाऱ्यांच्या ओळखीची एक खोड आहे: दुर्मिळ औषध, एकदाच चालणारे अस्त्र, 'पुढे मोठा शत्रू येईल' म्हणून राखून ठेवणे. मोठा शत्रू येतो, मरतो, खेळ संपतो, आणि पोतडी भरलेलीच राहते. महाभारताच्या वाचकाला येथे कर्ण आठवल्यावाचून राहणार नाही. कवचकुंडले देऊन इंद्राकडून मिळविलेली शक्ती, एकदाच चालणारी, अर्जुनासाठी राखलेली. आणि ती खर्च झाली घटोत्कचावर, रात्रीच्या युद्धात, कौरवसेनेचा धीर सुटल्यावर. कर्णाला ती भलत्यावर खर्चावी लागली, खेळणारा ती खर्चीतच नाही. पहिल्यात शोकांतिका आहे, दुसऱ्यात नुसता कंजूषपणा. आणि याला खेळणाऱ्याइतकाच रचनाकारही जबाबदार आहे असे आम्ही मानतो. व्यासांनी घटोत्कच आणला. बहुतेक खेळांना असा घटोत्कच उभा करता येत नाही, जो राखलेले अस्त्र बाहेर काढायला भाग पाडील.

२०१७च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ने यावर जालीम उपाय केला: शस्त्रे मोडतात. काही लढायांत तलवार, भाला, गदा हातातच तुटते. पुष्कळांनी याबद्दल बोटे मोडली. पहिल्या काही दिवसांत आम्हीही मोडली. हळूहळू लक्षात आले की शस्त्रावरचा आपला लोभ सुटत चालला आहे. वादळात लोखंडी तलवार अंगावर वीज ओढून घेते, म्हणून ती टाकावी लागते. मग सुचते की ती शत्रूच्या पायाशी टाकावी. धातूचेच शस्त्र कोड्यातल्या तुटलेल्या विद्युत्-मंडलात मध्ये ठेवले तर दार उघडते. 'मारणे' एवढ्या एकाच उपयोगासाठी घडविलेल्या वस्तूला येथे वजन, धातू, ज्वलनशीलता असे गुण लाभले, आणि उपयोग त्या गुणांतून निघू लागले. हिंसेच्या वाटेने चर्चा करणाऱ्यांनी निदान एवढे पाहावे की या खेळातल्या तलवारीचा सर्वांत चतुर उपयोग ती हातातून सोडण्यात आहे.

'मास्टर सोर्ड' मात्र तेथेही मोडत नाही. ती उपसण्यासाठी तेरा हृदयांची ताकद लागते, आणि तिचे तेज संपले तर दहा मिनिटे वाट पाहावी लागते. दिव्यास्त्राला विश्रांती लावणे ही युक्ती आम्हांस फार आवडली.

२०२३च्या 'टिअर्स ऑफ द किंगडम'ने आणखी एक पाऊल टाकले: कोणतेही शस्त्र घ्या आणि त्याला जवळजवळ काहीही चिकटवा, दगड, शिंग, दुसरी तलवार. आमचाच युक्तिवाद शेवटपर्यंत नेला तर हा आदर्श ठरायला हवा, आणि तरीही आम्ही अडखळतो. काठीला धोंडा लावून केलेली शेकडो शस्त्रे आम्ही वापरली आणि त्यांपैकी एकही आज आठवत नाही. ओकारिनातला आकडा लाकडात रुतल्याचा खट् आवाज मात्र अजून कानात आहे, आणि तो प्रथम कोठे ऐकला तेही: थडगे राखणाऱ्याच्या भुतामागे धावून तो आकडा मिळविला, त्यानंतर काही क्षणांनी.