'पारंपरिक' म्हणजे कोणाचे? : मितला कॅफेच्या निमित्ताने

कॅलिफोर्नियातील सॅन बर्नार्डिनो शहराच्या पश्चिम भागात, माउंट व्हर्नन रस्त्यावर, मितला कॅफे नावाची एक मेक्सिकन खानावळ आहे. लुसिया रॉड्रिगेझ यांनी ती १९३७ साली सुरू केली आणि ती अद्याप त्यांच्याच कुटुंबाकडे आहे. गेल्या दीडेक दशकात या खानावळीविषयी जे लिहिले गेले, त्यात दोन विशेषणे हटकून भेटतात : 'पारंपरिक' आणि 'हाताने केलेले'. दोन्ही गौरवार्थी आहेत असा सर्वांचा समज दिसतो. दुसऱ्याबद्दल आमची तक्रार नाही. पहिले मात्र गौरवाच्या वेषातले बेदखलीचे कलम आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. हे विशेषण ज्या टीकाव्यवहाराने घडवले आणि पोसले, त्यात आपण साहित्याचे अध्यापक-विद्यार्थी पुरेपूर सामील आहोत. म्हणून खानावळीचा विषय येथे कोणास अप्रस्तुत वाटू नये.

प्रथम हकीकत. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या ग्लेन बेल या तरुणाने १९४८ साली याच शहरात हॉट डॉग विकण्याचा व्यवसाय सुरू केला. पुढे त्याने मेक्सिकन वस्तीत, मितलाच्या समोरच, रस्त्यापलीकडे हॅम्बर्गरचे दुकान थाटले. (मॅक्डोनाल्ड बंधूंचे 'मॅक्डोनाल्ड' नावाचे पहिले दुकानही याच शहरातले, १९४० चे. एका मध्यम आकाराच्या गावाने जगाच्या जिभेवर केवढा अंमल बसवावा!) समोरच्या खानावळीत माणसे टाकोसाठी गर्दी करतात हे बेल पाहत होता. तो तेथे जाऊन खाई आणि नंतर तो पदार्थ कसा बनला असेल हे आपल्या जागी करून पाही. पत्रकार गुस्ताव्हो आरेयानो यांनी 'टाको यूएसए' (२०१२) या पुस्तकात हा सारा इतिहास शोधून मांडला आहे. खानावळीच्या कुटुंबाने त्यांना सांगितले की बेलच्या चौकशा वाढल्या तेव्हा त्याला स्वयंपाकघरात येऊ दिले गेले होते. १९५१ च्या अखेरीस बेलने आपला पहिला टाको १९ सेंटला विकला. १९६२ साली डाउनी येथे 'टाको बेल' उघडले, १९७८ मध्ये ही साखळी पेप्सिकोने विकत घेतली, आणि आज तिची दुकाने जगभर ८ हजारांहून अधिक आहेत. २०१० साली ती बंगळूरमार्गे भारतात आली. मराठी वाचकाला टाको ठाऊक असेल तर तो बहुधा याच वाटेने, म्हणजे नकलेच्या नकलेवरून.

आम्ही येथे चोरीचा आरोप करीत नाही. पाककृतीच्या नुसत्या सामग्रीवर कोणाचा हक्क चालत नाही, हे अमेरिकी कायदाही मानतो. खुद्द त्या कुटुंबाच्या बोलण्यातही आरेयानोंना कडवटपणा आढळला नाही. तेव्हा ज्यांची वस्तू गेली त्यांचीच तक्रार नसताना आपण कशास कंठशोष करावा, असे कोणी विचारील. आमचा वाद व्याकरणाशी आहे. या दोन दुकानांच्या कथा कोणत्याही लेखात शेजारीशेजारी ठेवून वाचाव्यात. बेलच्या कथेत सर्वत्र कर्तरी प्रयोग : बेलने पाहिले, बेलने तळण्याची जाळी बनवून घेतली, बेलने दर ठरवला, बेलने साखळी उभारली. रस्ता ओलांडला की लगेच कर्मणी प्रयोग सुरू : टाको पारंपरिक पद्धतीने बनवले जात, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली चव जपली जाई. कर्ता कोठे गेला? तो 'पारंपरिक' या शब्दात बुडाला. एका बाजूला उद्योजक, दुसऱ्या बाजूला संस्कृती. उद्योजकाला नाव, जन्मसाल, चरित्रग्रंथ. संस्कृतीला फक्त सुगंध.

आता त्या टाकोत काय होते ते पाहू. मक्याची टॉर्तीया दुमडून कुरकुरीत तळलेली, आत गोमांसाचा खिमा, वर चिरलेला आइसबर्ग लेट्युस, टोमॅटो आणि किसलेले चेडर चीज. मितला हे ओआहाका प्रांतातील प्राचीन झापोतेक स्थळाचे नाव, पण तेथील कोणत्याही पूर्वजाने चेडर पाहिले नव्हते. ते इंग्लंडातल्या खेड्याचे नाव मिरवणारे चीज आहे आणि अमेरिकी बाजारात ते मुबलक मिळे. म्हणजे १९३० च्या दशकातल्या कॅलिफोर्नियात, हाताशी काय आहे, गिऱ्हाईक कोण आहे, त्याच्या खिशात किती आहे याचा विचार करून कोणीतरी हा पदार्थ रचला. रचणे या क्रियापदाचा आम्ही अगदी तोच अर्थ घेतो जो आपण कवितेच्या तासाला घेतो. लुसिया रॉड्रिगेझ यांनीच तो एकटीने प्रथम रचला असे मुळीच नाही. लॉस एंजेलिसच्या ओल्वेरा मार्गावर १९३४ पासून 'सिएलितो लिंदो'त तळलेले ताकितो मिळत होते. न्यूयॉर्कमध्ये खानावळ चालवणारे हुवेन्सियो माल्दोनादो यांनी टाकोची पोळी तळण्याच्या साधनासाठी १९४७ साली अर्ज करून १९५० साली रीतसर पेटंट मिळवले होते. इतिहासकार जेफ्री पिल्चर यांनी हे पेटंट पुढे आणले आणि कडक टाको बेलच्या कल्पकतेतून जन्मला ही आवडती दंतकथा तेथेच संपायला हवी होती. ती संपली नाही. पेटंट घेतलेला, नाव-गाव असलेला मेक्सिकन शोधक आपल्या समोर उभा असूनही आपल्याला 'परंपरा'च दिसत राहते, हे कशाचे लक्षण समजावे?

गंमत अशी की शुद्धतेचे पहारेकरी या टाकोला उलट्या बाजूने बडवतात. मूळच्या इंग्रज असलेल्या डायना केनेडी यांनी १९७२ साली मेक्सिकोच्या प्रादेशिक पाकपरंपरांवर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांचे काम थोर होते, आणि ज्या बायकांकडून पाककृती मिळाल्या त्यांची नावे देण्याचा प्रामाणिकपणा त्यांच्यापाशी होता, हे आम्ही आदराने नोंदवतो. तथापि त्यानंतर जो चोखंदळ वर्ग घडला त्याने सीमेच्या उत्तरेस राहणाऱ्या मेक्सिकनांचे अन्न भेसळ म्हणून मोडीत काढले. चेडर? मग ते अस्सल नव्हे. म्हणजे पाहा : पदार्थ जुना म्हणावा तर त्याला कर्ता नाही, आणि कर्त्याने त्यात काही स्वतःचे घातले म्हणावे तर तो अस्सल नाही. लुसिया रॉड्रिगेझ यांच्यासाठी या दोहोंमध्ये उभे राहण्याइतकीही जागा उरत नाही. बेलच्या चेडरला मात्र कोणी अस्सलपणाचा दाखला मागितला नाही. त्याच्या बाबतीत त्याचेच नाव 'कल्पकता' पडले.

हा न्याय आपल्या ओळखीचा आहे. 'अस्सल मातीतली' कादंबरी हुडकणाऱ्या आपल्या टीकेने ग्रामीण लेखकाला किती काळ याच कात्रीत धरले! त्याने बोली लिहिली तर ती मातीची देणगी, आणि रचनेचा प्रयोग केला तर मातीशी द्रोह. अस्सलपणाचे हे वेड किती पोकळ आहे हे पाहण्यास कॅलिफोर्नियाला जाण्याचेही कारण नाही. भाकरीसोबतच्या ज्या ठेच्याला आपण अस्सल मराठी म्हणतो त्यातली मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगिजांच्या जहाजांनी या किनाऱ्यावर आली. म्हणून ठेचा परका होत नाही. कोणीतरी, कोठल्यातरी पाट्यावर, नव्या वस्तूचे काय करायचे हे ठरवले एवढेच त्यातून सिद्ध होते.

'हाताने केलेले' या विशेषणाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे, कारण त्यात जीवनमरणाचा एक धडा दडला आहे. मेक्सिकोत टॉर्तीयासाठी मका नुसता दळत नाहीत. तो चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर भिजत ठेवतात, चोळून धुतात, आणि मग ओलाच वाटतात. या मक्याला निश्तमाल म्हणतात. वाटण्यासाठी पूर्वी मेताते हा उतरता दगडी पाटा असे, त्यापुढे गुडघे टेकून बायका तासन्‌तास वाटत. चुन्याने साल सुटते, पिठाला चिकटपणा येऊन पोळी थापता येते, आणि मक्यात अडकून राहिलेले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळू लागते. युरोपने मका नेला, हे ज्ञान नेले नाही. दाणा म्हणजे निसर्गाचे दान आणि त्यावरची बायकांची खटपट म्हणजे रानटी रिवाज, असा तो हिशेब होता. परिणाम असा झाला की जेथे गरिबांचे पोट मक्यावरच होते तेथे पेलाग्रा पसरला. स्पेनमध्ये गास्पार कासाल यांनी १७३५ मध्ये त्याची लक्षणे टिपली, उत्तर इटलीत त्याने पिढ्या पोखरल्या, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेच्या दक्षिणेत हजारो माणसे त्याने मेली. नायसिनचा उलगडा कॉनराड एल्वेजेम यांच्या संशोधनातून झाला तो १९३७ साली. योगायोगाने तेच मितलाचे स्थापनावर्ष. शास्त्रज्ञांना जे दोनशे वर्षे चकवत राहिले ते या स्वयंपाकिणींच्या रोजच्या कामात होते. पण त्या कामाला 'परंपरा' म्हटले गेले होते, आणि परंपरेला कोणी प्रश्न विचारीत नाही, तिच्याकडून कोणी शिकतही नाही. तिचे फक्त कौतुक होते.

खानावळ म्हणजे केवळ चवीचे संग्रहालय, ही समजूतही याच शब्दाची देणगी. मितलाच्या टेबलांशी वस्तीतली मंडळी वेगळ्याच कारणासाठीही जमत. शहराच्या सार्वजनिक उद्यानातील जलतरण तलावात मेक्सिकन वंशाच्या नागरिकांना मोकळा प्रवेश नव्हता. त्याविरुद्ध वस्तीतल्या पुढाऱ्यांनी समिती केली, तिच्या बैठका मितलात होत. 'एल एस्पेक्तादोर' या स्पॅनिश वृत्तपत्राचे संपादक इग्नासियो लोपेझ आदींनी संघराज्य न्यायालयात दावा लावला आणि 'लोपेझ विरुद्ध सेकंब' या खटल्यात १९४४ साली तो जिंकला. शाळांतील वर्णभेदावरचा सुप्रसिद्ध निकाल यानंतर १० वर्षांनी, १९५४ साली लागला. खाद्यसमीक्षकांच्या लेखांत हा खटला आलाच तर एका ओळीत येतो. आजीच्या हाताची चव दोन परिच्छेद खाते.

येथे आमचे काही विद्वान मित्र हरकत घेतील. लेखकाच्या मृत्यूची घोषणा रोलाँ बार्थ यांनी १९६० च्या दशकातच केली. लोकपरंपरा तर स्वभावतःच अनामिक. मग आम्ही पुन्हा कर्त्याचे पुतळे का उभारतो? उत्तर सोपे आहे. लेखकाचा मृत्यू त्याला परवडतो ज्याचे नाव मुखपृष्ठावर आधीच छापलेले असते. ज्यांना कधी कर्तृत्व मिळालेच नाही त्यांना मारण्यासाठी फ्रेंच सिद्धान्ताची गरज नाही. आणि परंपरा म्हणजे अनामिकता हे समीकरण मराठीने तरी मान्य करू नये. अभंग हा छंद सामाईक, विठ्ठल सामाईक, प्रतिमासुद्धा बऱ्याचशा सामाईक. तरी तुकोबांनी आपली मुद्रा उमटवली आणि दळण-कांडण करणाऱ्या जनाबाईंनीही उमटवली. सामाईक द्रव्यात स्वतःचे नाव घालणे हीच तर आपल्याकडची परंपरा होती! हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, तेव्हा गाणाऱ्या बाईचे नाव आणि गाव टिपण्याचे कष्ट घेतले. २०१७ पासून 'पारी'च्या संकेतस्थळावर त्या नावांसह वाचता-ऐकता येतात. नावे मिळत नाहीत ही सबब ज्यांनी विचारलेच नाही त्यांची असते.

युनेस्कोने २०१० साली मिचोआकानचा नमुना पुढे ठेवून पारंपरिक मेक्सिकन पाककलेला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्याचा आनंदच आहे. पण वारसा सर्वांचा म्हटला की तो उचलण्यास कोणाची हरकत राहत नाही, आणि सर्वाधिक सहज उचलतो तो ज्याचे हात सर्वांत लांब. याचा नमुना २०२३ मध्ये पाहायला मिळाला. 'टाको ट्यूसडे' हे बोधवाक्य 'टाको जॉन्स' या प्रतिस्पर्धी साखळीच्या नावे १९८९ पासून नोंदलेले होते. ते रद्द व्हावे म्हणून टाको बेलने मे महिन्यात अर्ज केला आणि मोहीम अशी चालवली की हे शब्द सर्वांचे आहेत, ते मुक्त झाले पाहिजेत. जुलैत टाको जॉन्सने हक्क सोडला. जिच्या नावातच तिच्या संस्थापकाचे आडनाव आहे त्या कंपनीने टाकोसंबंधी सार्वजनिक मालकीचे प्रवचन द्यावे, आणि वृत्तपत्रांनी ते हसून छापावे, याला टीकेच्या भाषेत काय म्हणतात ते आम्हांला ठाऊक नाही. व्यवहारात त्याला धंदा म्हणतात.

मितलावर वा तिच्यासारख्या कोणत्याही खानावळीवर पुढचा लेख लिहिणाऱ्याने निदान एक पथ्य पाळावे. 'पारंपरिक' हा शब्द लेखणीच्या टोकाशी आला की थांबून त्या वाक्याचा कर्ता शोधावा. चेडर कोणी घातले, तिखट कोणी ठरवले, पहाटे तवा कोण चढवते, तिला मजुरी किती. उत्तरे आणून वाक्य पुन्हा लिहावे, कर्तरी प्रयोगात. लेख थोडा कमी सुगंधी होईल. लोकसाहित्याचे तास घेणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांनी हाच उद्योग आपल्या टिपणवह्यांवर करून पाहावा. आम्ही आरंभ केला आहे, आणि वह्या जुन्या असल्याने खोडाखोड बरीच होत आहे.