वाढत्या अंगाचे कपडे आणि रात्रीची झोप



घरात नातवंड दुडदुडू लागले की खरेदीचा उत्साह आईवडिलांपेक्षा आजी-आजोबांना अधिक असतो. समारंभासाठी परकर-पोलके, धोतर-कुर्ता, पायांत वाजणारे बूट यांची निवड आपण चार दुकाने पालथी घालून करतो. रात्रीच्या कपड्यांची आणि अंथरुणाची निवड मात्र क्वचितच कोणी करते. जे विटले, सैल झाले ते रात्री घालावे आणि कपाटात जे शिल्लक असेल ते अंथरावे, असा सर्वसाधारण रिवाज. वस्तुतः एक ते दोन वर्षांच्या मुलाला दुपारची झोप धरून दिवसाकाठी ११ ते १४ तासांची झोप आवश्यक असते. तीन वर्षांनंतरही ती १० ते १३ तास असावी लागते. म्हणजे या वयातील निम्मा काळ अंथरुणातच जातो. ज्या खात्यात निम्मी ठेव आहे त्याकडे सर्वांत कमी लक्ष देणे कोणत्याही हिशेबात बसत नाही. म्हणून या वेळी आपल्या सदरात या साध्या वाटणाऱ्या विषयाचा विचार करू.

आरंभ मापापासून करावा लागेल. ‘वाढत्या अंगाचे घ्या’ हा आपल्या काटकसरीचा जुना मंत्र आहे आणि त्यात तथ्यही आहे. दुसऱ्या वर्षात मूल साधारणतः १२ सेंटिमीटर उंच होते. आज नेमके बसणारे कपडे सहा महिन्यांत आखूड होतात. तरीही रात्रीच्या कपड्यांना हा मंत्र लागू करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. सैल कपडा अंगापासून दूर लोंबतो, त्याच्या आतल्या व बाहेरच्या दोन्ही बाजूंना हवा मिळते, आणि अशा घोळाला ज्योत लागली तर ती क्षणात वर चढते. अंगालगत बसणाऱ्या कपड्याच्या आत हवेला वावच कमी असतो. शिवाय तो मुळात ज्योतीपर्यंत पोहोचण्याचा संभवही कमी. आपल्या घरांत संध्याकाळी समई-निरांजन असते, दिवाळीत उंबऱ्यावर पणत्या असतात, जमिनीवर डासांची कॉइल धुमसत असते. संध्याकाळीच रात्रीचे कपडे चढवलेले मूल याच वेळी घरभर फिरत असते.

अमेरिकेत या प्रश्नावर कायदा झाला, त्याची हकीकत बोधप्रद आहे. १९७० च्या दशकाच्या आरंभी तेथे मुलांच्या रात्रीच्या कपड्यांनी सहजी पेट घेऊ नये असा नियम करण्यात आला. तो पाळण्यासाठी उत्पादकांनी कापडावर ‘ट्रिस’ नावाच्या रसायनाची प्रक्रिया सुरू केली. पण त्या रसायनाचा कर्करोगाशी संबंध दिसून आल्याने १९७७ मध्ये मुलांच्या कपड्यांत त्याच्या वापरावर बंदी घालावी लागली. पुढे १९९६ मध्ये नियमात दुरुस्ती झाली आणि रसायनविरहित सुती कपड्यांना परवानगी मिळाली. अट एवढीच की ते अंगाबरोबर बसणारे असावेत. तिकडे राहणारी मुले-सुना येताना पायजम्यांचे जोड आणतात, त्यांच्यावर पिवळी चिठ्ठी लटकत असते. कपडा ज्वालारोधक नाही, म्हणून तो अंगालगत बसणाराच घ्यावा, अशी सूचना तिच्यावर छापलेली असते. आपण चिठ्ठी तोडून टाकतो, ‘पोर आखडेल गं’ म्हणतो आणि पुढच्या खेपेस एक माप मोठे मागवतो. त्या चिठ्ठीमागील कारण ध्यानात आले तर हा आग्रह आपण सोडून देऊ. होजिअरीचे विणलेले सुती कापड ताणले जाते. अंगाबरोबर असूनही ते मुलाला आखडत नाही. कमरेच्या इलॅस्टिकखाली आपले बोट सहज सरकावे आणि सकाळी कातडीवर वळ दिसू नये, एवढी परीक्षा पुरेशी. वाढत्या अंगाचे घ्यायचेच असेल तर दिवसाचे घ्यावे.

कापडाच्या निवडीत हाताच्या स्पर्शावर विसंबू नये. दुकानात फ्लीसचा कपडा सुतापेक्षा मऊ लागतो, परंतु तो बहुधा पॉलिस्टरचा असतो. सामान्य हवेत कापूस स्वतःच्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो. पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. मूल झोपेत घामेजते, तो घाम सूत शोषून घेते आणि पॉलिस्टरखाली तो कातडीवरच राहतो. मग मानेत, काखेत घामोळे उठते आणि दोष मात्र आपण उन्हाळ्याला देतो. शिवाय पॉलिस्टर आगीच्या आचेने वितळून कातडीला चिकटते. म्हणून आतल्या शिवणीवरील चिठ्ठी चेकइतक्याच काळजीने वाचावी. ‘कॉटन रिच’ म्हणजे निव्वळ सूत नव्हे. त्यात मिश्रण असते. नवा कपडा खळ आणि जादा रंग निघून जावा म्हणून एकदा धुऊनच अंगाला लावावा. ओले पांढरे फडके त्यावर चोळले असता रंग उतरला, तर तो कपडा मुलाच्या तोंडात जाणार हे स्मरावे.

यानंतर गळा आणि पाय. गळ्याशी नाडी, बंद किंवा लोंबती फीत असलेला कपडा रात्री नको. बटणे ओढून पाहावीत. सैल बटण त्या मुलाच्या दृष्टीने गोळीच असते. पायमोजे व पायबंद पायजमे उलटे करून आतील सुटे धागे कापावेत. असा धागा किंवा आईचा लांब केस नाजूक बोटाभोवती आवळला गेला तर बोटाचा रक्तपुरवठा थांबू शकतो. अकारण रडणाऱ्या मुलाच्या पायांची बोटे पाहावीत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात ते याचसाठी. गळ्यातील काळा दोरा, मण्यांची माळ, पदक यांमागील माया मी जाणतो. परंतु झोपताना ती उतरवून ठेवावीत. कानटोपीही घरात झोपताना नको. डोक्यावाटे उष्णता बाहेर पडत असते, तो मार्ग ती अडवते आणि सरकून नाकातोंडावर येते.

अंथरुणाविषयी एक विभागणी स्पष्ट असावी. एक वर्षाखालील बाळाला उताणे, सपाट व घट्ट गादीवर झोपवावे. उशी, लोड, दुलई, मऊ खेळणी यांपैकी काहीही जवळ नसावे. बाळांना उताणे झोपवण्याची मोहीम ब्रिटनमध्ये १९९१ साली आणि अमेरिकेत १९९४ साली सुरू झाली, आणि त्यानंतर अमेरिकेत झोपेतील आकस्मिक बालमृत्यूंचे प्रमाण सुमारे निम्म्यावर आले. डोके गोल व्हावे म्हणून तान्ह्या बाळाला मोहरीची उशी देण्याची आपली प्रथाही या दृष्टीने सोडून द्यावी. वर्ष उलटल्यावर हलके पांघरूण चालते. पातळ उशी साधारण दोन वर्षांनंतर द्यावी, आणि मूल मागत नसेल तर तेव्हाही घाई नको.

गादी कापसाची असल्यास ती पिंजून सपाट केलेली असावी. मध्ये खड्डा पडलेली नको. लाकडी पलंगडी घेणार असाल तर गादी आणि कठडा यांच्या फटीत दोनपेक्षा अधिक बोटे शिरू नयेत. जमिनीवरची गादी उत्तम. पडण्याचे भयच नाही. पांघरुणाला जुन्या सुती लुगड्यांची चार पदरी गोधडी आजही तोलामोलाची आहे: हलकी, हवेशीर, सहज धुता येणारी. सोलापुरी चादर ही आपली शान, पण या वयाला ती पांघरायला जड होते. ती खाली अंथरावी. पिसांच्या उशा आणि रेशमी दुलया अहिंसेच्या विचाराने आपल्यातील अनेक घरे घेतच नाहीत. सावरीच्या किंवा साध्या कापसाच्या उशीने मुलाचे काहीच अडत नाही. ओले होण्यासाठी मॅकिंटॉश हवेच. पण ते चादरीखाली, कातडीला कधीही नाही.

ठेवणीतल्या वस्तूंबाबत एक इशारा महत्त्वाचा आहे. पणजीने शिवलेली गोधडी किंवा वडिलांच्या लहानपणीची झबली ट्रंकेतून निघतात ती डांबरगोळ्यांच्या वासासह. या गोळ्यांतील नॅप्थलीन काही मुलांना घातक ठरते. ‘जी-सिक्स-पी-डी’ नावाचे विकर ज्यांच्या रक्तात जन्मतः कमी असते, त्यांच्या तांबड्या पेशी त्यामुळे फुटू लागतात आणि कावीळ व रक्तक्षय होतो. डांबरगोळ्यांत ठेवलेल्या कपड्यांमुळे तान्ही बाळे आजारी पडल्याच्या वैद्यकीय नोंदी आहेत. तपासणी केल्याविना हा दोष कळत नाही. म्हणून मुलांच्या कपड्यांत या गोळ्या ठेवूच नयेत. कडुनिंबाचा वाळलेला पाला पुरेसा आहे. ज्यांत त्या ठेवल्या गेल्या असतील ते कपडे पुन्हा पुन्हा धुऊन, वास पूर्ण जाईपर्यंत अनेक दिवस उन्हात टाकावेत. वास राहिला तर मुलाच्या वाट्याला देऊ नयेत.

किती घालावे, हा वादाचा खरा मुद्दा. हातपाय गार लागले की आजी आणखी एक थर चढवते. मुलांचे हातपाय गार असणे स्वाभाविक असते. हात लावावा तो मानेमागे किंवा छातीला. तेथे ऊब असून घाम नसेल तर मूल सुखात आहे. तेथे ओल लागली तर एक थर काढावा. निफाडच्या थंडीत आत सुती बंडी आणि वर पूर्ण बाह्यांचा कपडा पुरतो. नागपूरच्या मे महिन्यात लंगोट आणि मलमलीचे झबले पुष्कळ झाले. मूल पांघरूण लाथाडणारच. तेव्हा ऊब कपड्यात असावी, पांघरुणावर अवलंबून राहू नये. डासांसाठी मच्छरदाणी सर्वांत निर्धोक, मात्र तिच्याजवळ कॉइल पेटवू नये.

हिशेब मांडला तर खर्च फार नाही. रात्रीच्या कपड्यांचे चार जोड, पावसाळ्यात कपडे वाळत नाहीत म्हणून सहा. लहान चादरी चार, मॅकिंटॉश दोन, हलक्या गोधड्या दोन. एकाच मापाचे डझनभर घेऊन ठेवणे म्हणजे पैसे अडकवून ठेवणे होय.

शेवटी घरातील अधिकाराविषयी थोडेसे. यांतील बऱ्याच गोष्टी आजच्या आयांना डॉक्टरांकडून समजलेल्या असतात. उशी काढून ठेवणारी, कानटोपी उतरवणारी, गळ्यातला दोरा सोडणारी सून ‘पुस्तकी’ म्हणून बोलणी खाते, आणि तिची पाठ वळताच आपण सर्व पूर्ववत करतो. रात्री दोनदा उठून मुलाच्या मानेला हात लावणारी तीच असते. अंथरुणात काय असावे याचा शब्द तिचा मानावा; आपण गोधडीची शिवण उसवली आहे का, बटण सैल झाले आहे का, हे पाहून दुरुस्त करून द्यावे. आज दिवेलागणीनंतर एकदा आपल्या नातवंडाचे अंथरूण नीट न्याहाळा, आणि जे त्याच्या झोपेला लागत नाही ते हळूच उचलून बाजूला ठेवा.