संसर्जनक्रमाचा कागद आणि चिकाची पूड

वमन-विरेचनानंतर रुग्णाच्या हाती संसर्जनक्रमाचा कागद देण्याऐवजी गाईच्या चिकाच्या पुडीचा डबा देण्याची प्रथा आपल्या व्यवसायात शिरू पाहत आहे. ग्रहणीच्या रुग्णांनाही ही पूड वा ग्लुटामिनची पाकिटे सुचविली जातात. प्रस्तुत लेखकाचा या प्रथेस स्पष्ट विरोध आहे.

चिकात वृद्धिघटक असतात, हे निर्विवाद. ज्याचा खरवस आपण कौतुकाने खातो त्यात इन्सुलिनसदृश वृद्धिघटक आढळतो. ‘एपिडर्मल ग्रोथ फॅक्टर’ तर आपल्या लाळेतही असतो. वृद्धिघटकांच्या शोधाबद्दल स्टॅन्ली कोहेन व रीटा लेव्ही-मोंताल्चिनी यांना १९८६ चे नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु मूळ प्रश्न आतड्याची झीज कशाने भरून येते, हा आहे.

लहान आतड्याचा अंतस्तर साधारणतः ३ ते ५ दिवसांत नवा होतो. या नवनिर्मितीस चालना देणारे ‘जीएलपी-२’ हे संप्रेरक आतड्यातीलच ‘एल’ पेशी स्रवतात, आणि ते मुख्यत्वे स्निग्ध व पिष्टमय अन्न तेथे पोहोचल्यावर! केवळ शिरेवाटे पोषण दिलेल्या प्राण्यांत आतड्याचे अंकुर खुरटतात. मनुष्यात हा परिणाम सौम्य असतो, एवढेच. मोठ्या आतड्याच्या पेशींचे प्रमुख इंधन असलेले ब्युटिरेटदेखील न पचलेल्या पिष्टावर व तंतूंवर जीवाणूंनी केलेल्या क्रियेतूनच उपजते. म्हणजे अन्न हे आतड्यासाठी निव्वळ कच्चा माल नसून दुरुस्तीचा आदेशही आहे. डब्यातील पूड हा आदेश पूर्णांशाने देऊ शकत नाही.

प्रधान शुद्धीनंतर पेया, विलेपी, यूष व मांसरस असे बारा अन्नकाल सात दिवसांत योजिले आहेत. तेवढ्या अवधीत अंतस्तर एकदा तरी पालटतो. हा मेळ मोहक खरा. तथापि चरकाचार्यांस जीएलपी-२ ठाऊक होते, असे व्यासपीठावरून सांगण्याचा मोह आवरावा. अग्नीचा विचार त्याच्या स्वतःच्या बळावर उभा आहे.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. जीएलपी-२ सदृश टेडुग्लुटाइड या औषधास अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली, ती आतड्याचा मोठा भाग गमावलेल्या रुग्णांसाठी. आणि प्रौढांत ते सुरू करण्यापूर्वी मोठ्या आतड्याची दुर्बिणीने तपासणी करावी लागते, कारण वृद्धीची चालना अर्बुदासही मिळू शकते. चिकाची पूड त्या तोडीची नव्हे, हे मान्य. परंतु वजन घटणाऱ्या, मलावाटे रक्त जाणाऱ्या पन्नाशीच्या रुग्णास ‘आतडे सुधारते’ म्हणून डबा दिला, तर निदान महिनोन्‌महिने लांबते.

औषधी-विक्रेते बंधूंनी अशा रुग्णास प्रथम वैद्याकडे धाडावे. बालकांच्या अतिसारासाठी जलसंजीवनीसोबत जस्ताच्या गोळ्या अवश्य ठेवाव्यात. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी २००४ साली त्या १० ते १४ दिवस देण्याची शिफारस केली होती (तेव्हाची मात्रा रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखालील बालकांस १०). आणि वैद्यांनी संसर्जनक्रम मराठीत छापून घ्यावा, पेयेत तांदूळ किती व पाणी किती, या तपशिलासह. तोंडी सांगितलेली विलेपी घरी पोहोचेपर्यंत पुलाव झालेली असते.