झेलणाऱ्यांचा हिशेब

जून २०२५ मधली गोष्ट. महाविद्यालय नुकतेच सुरू झाले होते आणि वसतिगृहात नव्या मुलांच्या ट्रंका अजून व्हरांड्यातच पडलेल्या होत्या. त्याच आठवड्यात इंग्लंडमध्ये हेडिंग्लेच्या मैदानावर भारताचा कसोटी सामना चालला होता. आपल्या फलंदाजांनी त्या सामन्यात एकूण पाच शतके ठोकली. पंतने तर दोन्ही डावांत शतक केले. तरीही इंग्लंडने चौथ्या डावात ३७१ धावांचे लक्ष्य गाठले आणि आपण हरलो. पाच शतके काढून कसोटी हरणारा कसोटीच्या इतिहासातला हा पहिला संघ! कारण शोधायला फार लांब जावे लागले नाही. आपण झेल सोडले होते, आणि एक-दोन नव्हे, चांगले ओंजळभर सोडले होते.

दुसऱ्या दिवशी ग्रंथालयात वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती हीच चर्चा. आमच्या महाविद्यालयातून निवृत्त झालेले एक सर अजूनही रोज सकाळी पेपर वाचायला येतात. त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हटले, "अरे, आमच्या वेळचा सोलकर असता तर सामना चार दिवसांत आपला होता." मुले हसली. एक मित्र म्हणाला, "सर, तुमच्या वेळची माणसे डाइव्ह तरी मारत होती का?" सरही हसले, पण ते हसणे जरा दुखावल्यासारखे वाटले. मला दोन्ही बाजूंचे पटत नव्हते. नुसत्या आठवणीने वाद जिंकता येत नाही आणि नुसत्या तरुणपणानेही नाही. म्हणून मी हा हिशेब मांडायला बसलो.

मित्रहो, या विषयावर लिहिण्याचा माझा अधिकार काय, असे कोणी विचारील. अधिकार एवढाच, की मी आपल्या महाविद्यालयाच्या संघात फॉरवर्ड शॉर्ट लेगला उभा राहतो. मी तिथे कसा पोहोचलो ते सांगतो. माझे आईवडील वीटभट्टीवर काम करतात. ट्रकमध्ये विटा भरताना खालचा माणूस दोन दोन विटा वर फेकतो आणि वरचा त्या झेलतो. दहावीपासून सुट्टीत वर उभा राहण्याचे काम माझे. वीट झेलताना हात तिच्यासमोर ताठ धरायचे नसतात, तिच्याबरोबर थोडे मागे न्यायचे असतात, नाहीतर बोटे सोलून निघतात. हे मला कोणी शिकवले नाही, विटांनीच शिकवले. प्रथम वर्षाला निवड चाचणीच्या वेळी मला फलंदाजी येत नव्हती, गोलंदाजीही बेताचीच. शॉर्ट लेगला उभे राहायला कोणी तयार नव्हते. "हा नवा आहे, याला लावा तिथे," असे ठरले आणि मी संघात आलो.

आता मुद्द्याकडे वळू. भारतीय संघात फलंदाजाच्या जवळ उभे राहून झेल घेणाऱ्यांचे मला तीन ठळक काळ दिसतात.

पहिला काळ १९७१ च्या आसपासचा. स्लिपमध्ये कर्णधार अजित वाडेकर, गलीत व्यंकटराघवन, लेगच्या बाजूला मागे अबिद अली आणि फलंदाजाच्या अगदी पायाशी एकनाथ सोलकर. गोलंदाजीला बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि स्वतः व्यंकट. या चौघा फिरकी गोलंदाजांनी मिळून कसोटीत ८५३ बळी घेतले. १९७१ च्या ऑगस्टमध्ये ओव्हलवर इंग्लंडचा दुसरा डाव १०१ धावांत कोसळला आणि आपण इंग्लंडमधली पहिली मालिका जिंकली. चंद्रशेखरचे ३८ धावांतले ६ बळी सर्वांना पाठ आहेत. पण पहिल्या डावात ९० धावा काढणारा ॲलन नॉट दुसऱ्या डावात १ धाव काढून परत गेला, तो व्यंकटच्या चेंडूवर सोलकरने पुढे झेपावून घेतलेल्या झेलामुळे. तो झेल सुटला असता तर चंद्रशेखरचे आकडे आज कोणाच्या लक्षात असते, याचा विचार करावा. (डाइव्हविषयी शंका काढणाऱ्या माझ्या मित्राने त्या झेलाचे छायाचित्र जरूर पाहावे.)

दुसरा काळ राहुल द्रविडचा. पहिल्या स्लिपमध्ये द्रविड, त्याच्या शेजारी लक्ष्मण, जोडीला सेहवाग आणि सचिन. समोरून कुंबळे आणि हरभजन. द्रविडने १६४ कसोटींत २१० झेल घेतले. यष्टिरक्षक सोडून इतके झेल तोवर जगात कोणी घेतले नव्हते. २०२५ च्या जुलैमध्ये लॉर्ड्सवर जो रूटने तो आकडा ओलांडला.

तिसरा काळ कोहली, रहाणे आणि पुजारा यांचा, अश्विन-जडेजाच्या गोलंदाजीवरचा. २०१५ साली गॉलला श्रीलंकेविरुद्ध अजिंक्य रहाणेने एकाच कसोटीत ८ झेल घेतले. त्यापूर्वीच्या ७ झेलांच्या विक्रमात एक भारतीय भागीदार होता: यजुर्वेंद्र सिंग. त्याने १९७७ साली बंगलोरला इंग्लंडविरुद्ध, तेही आपल्या पहिल्याच कसोटीत, सात झेल घेतले होते. त्याला पुढे एकूण चारच कसोटी खेळायला मिळाल्या.

आता आकडे पाहू. सोलकर: २७ कसोटी, ५३ झेल. वाडेकर: ३७ कसोटी, ४६ झेल. अबिद अली: २९ आणि ३२. व्यंकट: ५७ आणि ४४. चौघांची बेरीज केली तर दर माणसामागे दर कसोटीला सरासरी १.१७ झेल पडतात. दुसऱ्या काळातले द्रविड २१०, लक्ष्मण १३५, सचिन ११५ आणि सेहवाग ९१, यांची सरासरी ०.९२. तिसऱ्या काळातले कोहली १२१, रहाणे १०२ आणि पुजारा ६६, यांची ०.९३. एकट्या सोलकरची सरासरी १.९६, म्हणजे प्रत्येक कसोटीत जवळजवळ दोन झेल. द्रविडची १.२८, रहाणेची १.२.

म्हणजे सर जिंकले? थांबा. आकडा खोटे बोलत नाही, पण तो सगळेही सांगत नाही.

पहिली गोष्ट अशी, की झेल हा झेलणाऱ्याच्या हातात येण्याआधी गोलंदाजाच्या बोटांत तयार होतो. वाडेकरच्या संघात वेगवान गोलंदाजी नावापुरतीच होती. सोलकर आणि अबिद अली स्वतःच नवा चेंडू टाकून त्याची लकाकी घालवीत आणि मग फिरकी गोलंदाजांच्या हाती तो देत. दिवसभर फिरकी चालली की फलंदाजाच्या अवतीभवती उडणारे चेंडूही दिवसभर येणार. उलट कोहलीच्या संघात वेगवान गोलंदाज भरपूर बळी घेत होते, आणि त्यांच्या चेंडूवरचे कितीतरी झेल यष्टिरक्षकाकडे जातात.

दुसरी गोष्ट पायचीतची. पूर्वी फलंदाज पुढचा पाय लांब टाकून बॅट पॅडच्या आड लपवी. चेंडू बॅटची कड घेऊन पॅडवर आपटे आणि शॉर्ट लेगच्या हातात उडे. त्यातच सोलकरची शेती पिकली. भारताने २०१६ च्या अखेरीस पंचांच्या निर्णयाचा यंत्राने फेरविचार करण्याची पद्धत आपल्या मालिकांत स्वीकारली. यंत्र पुढच्या पायावरही पायचीत देते, हे कळल्यावर फलंदाज पॅडपुढे बॅट घेऊन खेळू लागले. आजच्या शॉर्ट लेगला सोलकरइतके झेल येतच नसतील, तर त्याने ते घ्यावेत कुठून?

तिसरी गोष्ट मात्र सरांच्या बाजूची आहे. सोलकर हेल्मेटशिवाय उभा राहत असे. मी हेल्मेट घालून उभा राहतो, तरी फलंदाजाने स्वीपसाठी गुडघा टेकला की माझ्या पोटात गोळा येतो. १९९८ साली ढाक्यात एका क्लबच्या सामन्यात रमण लांबा हेल्मेट न घालता शॉर्ट लेगला उभा राहिला. डोक्याला चेंडू लागला आणि तीन दिवसांनी तो गेला. कसोटी खेळलेला माणूस, थोड्याच चेंडूंचा प्रश्न म्हणून हेल्मेट नको म्हणाला होता. हे वाचल्यावर सोलकरच्या ५३ झेलांकडे मी निराळ्या नजरेने पाहू लागलो.

आणि आजच्या पिढीची बाजूही मांडली पाहिजे. २०२४ च्या जूनमध्ये बार्बाडोसला ट्वेंटी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात शेवटच्या षटकात सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर मिलरचा जो झेल घेतला, तो पाहावा. चेंडू झेलला, तोल जातोय म्हणून आत उडवला, रेषेबाहेर पाय टाकून परत आत येऊन पुन्हा झेलला. असा झेल १९७१ चा कोणी घेतला असता असे मला वाटत नाही. आणि त्याचे कारण त्यांच्यात कमी होते हे नव्हे. तो झेल त्या काळाला लागतच नव्हता. जो काळ जे मागतो, ते त्या काळचे हात शिकतात.

तेव्हा माझा निवाडा असा. स्लिपमध्ये एक माणूस उभा करायचा तर मी द्रविडला उभा करीन. सीमारेषेवर आजची मुले. पण फलंदाजाच्या भोवती चौघांचे कडे करायचे असेल, तर ते १९७१ चेच. याचे कारण सरासरी नव्हे. त्या चौघांनी आपापली जागा हे आपले काम मानले होते, हे त्याचे कारण. गल्लीपासून वरपर्यंत शॉर्ट लेगला नव्या पोराला उभे करण्याची रीत आहे; थोडा जुना झाला की तो तिथून सुटतो. सोलकर तिथून सुटू पाहत नव्हता. त्याने त्या जागेवर घर बांधले.

सोलकरचे वडील मुंबईच्या हिंदू जिमखान्यावर माळी होते. ज्या मैदानाची निगा बापाने राखली, त्याच मैदानाच्या कडेला मुलगा वाढला आणि भारताकडून खेळला. सरांनी हे सांगितले त्या दिवशी मी वसतिगृहात जाऊन बराच वेळ गप्प बसलो होतो. ज्या जागेवर कोणाला उभे राहायचे नसते ती जागा माळ्याच्या मुलाच्या वाट्याला आली, यात काही नवल नाही. नवल पुढचे आहे. त्याने तिला अशी प्रतिष्ठा दिली, की आज पन्नास वर्षांनीही ती जागा म्हटली की त्याचे नाव निघते.

पण सोलकरचे नाव निघते याला आणखी एक कारण आहे. ते कोणीतरी लिहून ठेवले. "झे. सोलकर, गो. व्यंकटराघवन" अशी नोंद झाली, म्हणून आज मला त्याची सरासरी काढता आली. मागच्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन सामन्यात माझ्या हातून एक झेल सुटला आणि आपण हरलो. तो झेल सगळ्यांना आठवतो. अजूनही कोणी कोणी मला "लोणी" म्हणून हाक मारतो. मी त्या हंगामात घेतलेले झेल किती, हे सांगायला मी आपले स्कोअरबुक उघडले, तर त्यात फलंदाजापुढे नुसते "झेलबाद" आणि गोलंदाजाचे नाव. झेलणाऱ्याचे नाव नाही! सुटलेला झेल सर्वांच्या तोंडी आणि घेतलेला झेल कोणाच्या वहीत नाही, असा हा न्याय.

वार्षिक पारितोषिक वितरणात आपण उत्कृष्ट फलंदाजाला एक चषक देतो, उत्कृष्ट गोलंदाजाला एक देतो. क्षेत्ररक्षकाला काही नाही. चषक नसला तरी चालेल. माझी मागणी त्याहून लहान आहे. येत्या हंगामापासून स्कोअरबुकात झेलणाऱ्याचे नाव लिहावे, आणि शेजारी एक रकाना सुटलेल्या झेलांचाही ठेवावा. त्यात माझे नाव पहिले आले तरी माझी हरकत नाही. स्कोअरर मिळत नसेल तर मी खेळत नसलेल्या सामन्यांत हे काम आनंदाने करीन.

घरी सुट्टीत गेलो तेव्हा आईला विचारले, दिवसात किती विटा वर देतेस? ती म्हणाली, "ट्रक किती भरले ते मुकादम लिहितो. विटा कोण मोजतं?" मी काही बोललो नाही. आपल्या घरातला मी पहिलाच, जो लिहायला शिकून महाविद्यालयात आला. निदान जिथे माझ्या हाती पेन्सिल आहे, तिथे तरी नावे लिहिली जावीत, असे मला वाटते.

सरांना हा लेख मी आधी दाखवला. ते म्हणाले, "द्रविडला स्लिपमध्ये घेतलास ते ठीक. पण वाडेकरला कुठे पाठवलेस?" वाद मिटलेला नाही. ज्यांना तो पुढे चालवायचा असेल त्यांनी ग्रंथालयात यावे. आकड्यांत काही चूकभूल असल्यास द्यावी घ्यावी.

— द्वितीय वर्ष, कला शाखा