गवताच्या दाताळ्यातून निघालेला ताल



या सदरात एरवी बी-बियाणे, खते आणि रोग-किडी यांवरच बोलणे होते. आज गाण्याबजावण्याचा विषय घेतला आहे, पण ते गाणेही शेतकऱ्यांचेच आहे.

अमेरिकेच्या दक्षिणेस लुईझियाना राज्यात सखल, पाणथळ मुलूख आहे. तिथे भात होतो. भात कापला की पुष्कळ शेतकरी त्याच शेतात पुन्हा पाणी कोंडून झिंग्यासारखे कवचाचे क्रॉफिश वाढवतात. या मुलखातल्या फ्रेंच वंशाच्या लोकांना केजन म्हणतात. त्यांच्या पूर्वजांनी कॅनडातील अकेडिया भागात भरतीच्या पाण्याला बांध घालून जमीन लागवडीस आणली होती. आपल्या कोकणातील वाचकांना ते कष्ट सांगायला नकोत. १७५५ साली इंग्रजांनी त्यांना तिथून हुसकावले. वणवण करीत त्यांतली बरीच कुटुंबे पुढच्या तीस वर्षांत लुईझियानात येऊन राहिली.

शनिवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरातले सामान बाजूला सारायचे, लेकरांना आतल्या खोलीत निजवायचे आणि नाच सुरू करायचा, अशी त्यांची रीत. वाद्ये तीनच. एक फिडल, म्हणजे व्हायोलिनच. दुसरे दहा बटनांचे अकॉर्डियन. ही आपल्या भजनातल्या पेटीची चुलत बहीणच म्हणा, कारण दोन्हींत भात्याच्या हवेने धातूच्या पट्ट्या वाजतात आणि दोन्ही मूळच्या युरोपातल्या. अकॉर्डियनचे बटन मात्र भाता दाबताना एक सूर देते आणि ओढताना दुसरा. तिसरे वाद्य तिकोनी लोखंडी सळईचे. ते कुणी विकत आणत नसे. गवत ओढायच्या दाताळ्याचे जुने दाते वाकवून ते घरीच करीत. टाकाऊ अवजाराचा असा उपयोग मी दुसरीकडे पाहिलेला नाही.

हे गाणे एकट्या गोऱ्यांचेही नव्हे. आमेदे आर्दवाँ हा काळा गवई आणि डेनिस मॅगी हा गोरा फिडलवाला, दोघेही वाट्याने शेती करणारे. १९२९ साली दोघांनी मिळून तबकड्या भरल्या. आजही केजन वादक आर्दवाँची गाणी वाजवतात.

संकट आले ते भाषेवर. १९२१ च्या राज्यघटनेने शाळेत इंग्रजीच सक्तीची केली. घरची फ्रेंच बोलल्याबद्दल पोरांना शिक्षा होऊ लागली. तीच पोरे मोठी झाल्यावर आपल्या मुलांशी इंग्रजीत बोलू लागली. भाषेबरोबर गाण्याचीही लाज वाटू लागली. अकॉर्डियन मागे पडले. दुसऱ्या महायुद्धानंतर आयरी लेझ्यून या जवळजवळ अंध वादकाने ते पुन्हा पुढे आणले, पण तो १९५५ मध्ये रस्त्यावरच्या अपघातात गेला.

पिकते तिथे विकत नाही म्हणतात, ते ड्यूई बाल्फाच्या बाबतीत खरे ठरले. त्याचे वडील वाट्याने शेती करीत. १९६४ साली न्यूपोर्टच्या मोठ्या लोकसंगीत महोत्सवाला जाणाऱ्या केजन मंडळींत आयत्या वेळी गिटारवाला म्हणून त्याची वर्णी लागली. असले गाणे बाहेर नेऊन आपली शोभा कशाला करता, असा सूर घरच्याच एका वर्तमानपत्राने लावला होता. तिकडे हजारो श्रोत्यांनी उभे राहून टाळ्या वाजवल्या.

परत आल्यावर बाल्फाने जे केले ते मला जास्त मोलाचे वाटते. पोटासाठी तो शाळेची बसही चालवीत असे. त्याच भागातल्या शाळांत तो फिडल घेऊन जाऊ लागला आणि पोरांपुढे वाजवून दाखवू लागला. आम्ही विस्तार खात्यातली माणसे शेताच्या बांधावर प्रात्यक्षिक करतो, तसेच हे. ज्या शाळेत फ्रेंच बोलल्याबद्दल शिक्षा व्हायची, तिथेच फ्रेंच गाणे, हे विशेष! १९७४ मध्ये लाफायेट शहरात केजन संगीताची मोठी सभा झाली, तेव्हा भर पावसात सुमारे १२ हजार लोक जमले. ती सभा पुढे दरवर्षीचा उत्सव झाली.

मार्क साव्वा याची गोष्ट निराळी. भातशेतकऱ्याच्या घरचा हा मुलगा रसायन अभियांत्रिकी शिकला, पण नोकरीच्या मागे न लागता १९६६ मध्ये युनिस गावी त्याने वाद्यांचे दुकान टाकले. महायुद्धात जर्मन अकॉर्डियन येणे थांबले होते, म्हणून काही कारागीर ती घरीच बनवू लागले होते. साव्वानेही तेच काम धरले. शनिवारी सकाळी त्याच्या दुकानात म्हातारे आणि पोरे एकत्र वाजवायला बसत. ऐकणाऱ्यांनी काही खायला आणावे, एवढीच फी! त्याचे मुलगेही आज नावाजलेले वादक आहेत.

मात्र सगळे साधले असे नव्हे. आजचे कितीतरी तरुण फ्रेंच गाणी पाठ म्हणतात, पण घरात बोलतात इंग्रजी. काही शाळांत आता पुन्हा फ्रेंच माध्यम चालते, पण आजीच्या तोंडून उतरलेली भाषा आणि वर्गात शिकलेली भाषा यांत मला फरक वाटतो. गाणे उभे आहे, भाषेची मुळे उघडी पडली आहेत.

बाल्फा १९९२ मध्ये वारला. त्याची मुलगी क्रिस्टीन हिने स्वतःचा वाद्यवृंद काढला. तिने एक अख्खी तबकडी त्या तिकोनी सळईच्या वादनाची काढली आहे. दुसरे वाद्य तीत नाही.