असात्म्य ठरविण्याची घाई

बालकाचे पोट बिघडले की औषधाची मात्रा लिहिताना आपण दोनदा विचार करतो. पथ्याची यादी मात्र लेखणीतून आपोआप उतरते. गहू बंद, दूध बंद, उडीद बंद, आंबट बंद. अर्धा कागद ‘बंद’ या शब्दाने भरतो आणि आईच्या चेहऱ्यावर समाधान दिसते, कारण काहीतरी निश्चित सापडले असे तिला वाटते. प्रस्तुत लेखकाने नागपुरातील आपल्या दीर्घ व्यवसायात अशा याद्या पुष्कळ लिहिल्या. त्यांतील एका यादीमुळे एका मुलीची दोन वर्षे वाया गेली, ती हकिकत वैद्यबंधु-भगिनींपुढे व औषधनिर्मात्यांपुढे ठेवणे मला कर्तव्य वाटते.

मुलगी तीन वर्षांची होती. संत्र्याच्या पट्ट्यातील एका गावाहून आईवडील तिला घेऊन आले. वजन जेमतेम दहा किलो, हातपाय काटकुळे, पोट पुढे आलेले, मल दिवसातून चार-पाच वेळा, पुष्कळ, फिकट व दुर्गंधी. स्वभाव चिडचिडा. ग्रहणीचे इतके ठळक चित्र समोर असताना शंकेला जागाच नव्हती. पर्पटी, ताक, पहिल्या घासाबरोबर हिंग्वाष्टक आणि वर सांगितलेली यादी, अशी योजना केली. तीन आठवड्यांत मल बांधला गेला, मुलगी हसू-खेळू लागली. मी मनोमन संतुष्ट झालो.

पुढे मात्र वजनाचा काटा हलेना. हलणार कसा? दूध नाही, डाळ नावापुरती, पोळी नाही. राहिला तो मऊ भात. चार महिन्यांनी आईवडिलांनी तिला शहरातील एका बालरोगतज्ज्ञांना दाखविले. त्यांना सीलिअ‍ॅकची शंका आली व त्यांनी रक्ततपासणी करविली. ती निर्दोष आली. सीलिअ‍ॅक नाही असे ठरले, पोळी पुन्हा सुरू झाली आणि तक्रारीही हळूहळू परतल्या. पाचव्या वर्षी तिचे हिमोग्लोबिन सातपर्यंत घसरले, उंची समवयस्कांच्या मानाने फार मागे राहिली, तेव्हा तीच तपासणी पुन्हा झाली. या वेळी ती सामान्य मर्यादेच्या कितीतरी पटींनी वर आली व आतड्याच्या तुकड्याच्या परीक्षणाने निदान पक्के झाले.

पहिल्या तपासणीचा दोष नव्हता. टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेजविरोधी प्रतिपिंडे शोधणारी ही परीक्षा गहू पोटात जात असेपर्यंतच विश्वासार्ह असते. गहू थांबविला की काही महिन्यांत ही प्रतिपिंडे ओसरतात आणि रोग असूनही अहवाल कोरा येतो. गहू मी थांबविला होता, आणि तो का व कधी थांबविला याची एक ओळही पुढच्या चिकित्सकासाठी लिहून दिली नव्हती.

यावर कोणी म्हणेल, हा उत्तरेकडचा रोग, आपल्याकडे कोठून आला? हा समज निराधार नाही. उत्तर भारतातील बालकांमधील सीलिअ‍ॅकचे वर्णन १९६६ साली वालिया व सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रौढांच्या पाहणीत उत्तरेत शंभरात सुमारे एकाला, तर दक्षिणेत दहा हजारांत सुमारे एकाला हा रोग आढळला. विदर्भ या दोहोंच्या मध्ये आहे. ज्वारीची भाकरी मागे सरली, पोळी रोजची झाली. रोडगे-पानगे तर आपल्याकडे आधीपासून आहेतच. शिवाय मध्य भारतातील हे शहर; येथे पंजाब-राजस्थानातून आलेली कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहतात. ‘आपल्याकडे हा रोग नाही’ असे म्हणून तपासणीच टाळण्याइतका हा समज भक्कम नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. अमुक अन्न या बालकाला सोसत नाही, हे ठरवावयाचे कसे? आपल्याजवळ यासाठी उपशय-अनुपशयाचे उत्तम साधन आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. परंतु आपण त्याचा अर्धाच भाग वापरतो. एखादे द्रव्य काढले व बरे वाटले, एवढ्यावर आपण थांबतो. ते द्रव्य पुन्हा दिल्यावर लक्षणे परततात काय, हे पाहिल्याशिवाय परीक्षा पुरी होत नाही. मुलांचे अतिसार पुष्कळदा आपले आपणच थांबतात. त्याच आठवड्यात आपण दूध बंद केलेले असते आणि श्रेय यादीला मिळते. त्यात चार द्रव्ये एकदम काढली, तर कोणत्या द्रव्याने काय केले हे कोणालाच सांगता येत नाही. माझी यादी नेमकी अशी होती.

डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांचे उदाहरण या दृष्टीने वाचण्यासारखे आहे. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, आणि इतर मुले खंगत असताना सीलिअ‍ॅकची मुले सावरली. पाव परत आला तशी ती पुन्हा बिघडली, असे सांगतात. ही कथा पुष्कळांस ठाऊक असते. डिके यांना गव्हाचा संशय १९३० नंतरच्या दशकातच आला होता आणि युद्धानंतर त्यांनी एकेक धान्य देऊन, काढून, पुन्हा देऊन, मलातील स्निग्धांश मोजून तो सिद्ध केला, हे मात्र फारसे सांगितले जात नाही. त्यांचा प्रबंध १९५० सालचा. ही चिकाटी म्हणजे उपशयच. फक्त त्यांनी तो शेवटपर्यंत नेला.

दुसरी अडचण आपल्या शब्दाची आहे. ‘असात्म्य’ या एका शब्दाखाली आपण किमान तीन वेगळ्या अवस्था एकत्र बांधतो. जुलाबाच्या साथीनंतर आतड्याचे अस्तर सोलवटते, दुधातील साखर पचविणारा पाचक अंश काही काळ कमी पडतो; मल पाण्यासारखा, आंबूस वासाचा होतो, गुदाभोवती लाली येते. ही अवस्था बहुधा काही आठवड्यांत निवळते. येथे दूध थोडे दिवस कमी करावे. दही-ताक सोसते, कारण विरजणातील जंतूंनी ती साखर बरीचशी फोडलेली असते. ग्रहणीत ताकाला दिलेले स्थान येथे अगदी चपखल बसते. स्तन्यपान मात्र थांबवावयाचे नाही, आणि बरे झाल्यावर दूध परत सुरू करावयाचे हे विसरावयाचे नाही. मी पाहिलेल्या कित्येक मुलांचे दूध दुसऱ्या वर्षी ‘तात्पुरते’ बंद झाले ते शाळेत जाईपर्यंत बंदच होते.

दुधातील प्रथिनाची अ‍ॅलर्जी ही निराळी गोष्ट. येथे ताकही चालत नाही. आणि येथेच आपल्यापैकी अनेकांची आवडती सूचना घातक ठरते: गाईचे सोसत नाही, तर शेळीचे द्या. दोन्ही दुधांतील प्रथिने इतकी सारखी आहेत की गाईच्या दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्या बहुतेक मुलांना शेळीच्या दुधानेही त्रास होतो. शिवाय शेळीच्या दुधात फोलेट फार कमी असते; केवळ त्यावर वाढविलेल्या अर्भकास पांडुता येते. शास्त्रातील अजाक्षीराचे गुण मी नाकारीत नाही, ते या अवस्थेसाठी सांगितलेले नाहीत इतकेच म्हणतो. उलट, अंगावर पिणाऱ्या बाळाच्या मलात रक्ताचे धागे दिसले, तर मातेच्या आहाराकडे पाहण्याची आपली स्तन्यदुष्टीची दृष्टी अचूक ठरते. मातेने दोन ते चार आठवडे दूध व दुधाचे पदार्थ वर्ज्य करून, मग पुन्हा घेऊन पाहावे.

मात्र खाल्ल्यावर काही मिनिटांत वा तासा-दोन तासांत अंगावर गांधी उठणे, ओठ-डोळे सुजणे, घरघर, एकाएकी गळून जाणे, यांपैकी काही घडले असेल, तर ‘पुन्हा देऊन पाहा’ हा प्रयोग घरी वा आपल्या चिकित्सालयात कदापि करू नये. त्या बालकास सर्व सोयींच्या रुग्णालयातच पाठवावे. तेथे आपला अभिमान आड येता कामा नये.

तिसरी अवस्था सीलिअ‍ॅक. तिच्याविषयी वर लिहिलेच. जुनाट अतिसार, खुंटलेली वाढ, औषधाने न हटणारी पांडुता, फुगलेले पोट यांपैकी काही दिसले तर गहू बंद करण्याआधी रक्त पाठवावे, टीटीजी-आयजीए व त्याबरोबर एकूण आयजीए. आधीच बंद केला असेल तर तसे स्पष्ट लिहून तज्ज्ञांकडे पाठवावे. निदानासाठी मग पुन्हा किमान सहा आठवडे रोज एकाहून अधिक वेळा गहू खाऊ घालावा लागतो आणि सावरलेल्या लेकराला पुन्हा आजारी पाडण्याची पाळी आईवर येते.

आणि ‘गहू बंद’ या दोन शब्दांचा घरात काय अर्थ होतो, तेही विचारावे. आमच्याकडील बहुतेक मातांच्या लेखी गहू म्हणजे पोळी. रव्याचा उपमा, शेवयांची खीर, टोस्ट, बिस्किट, उन्हाळ्यातले सातूचे पीठ, दुधात घालावयाची माल्टची पावडर हे सारे गव्हात वा जवात मोडते असे कोणी सांगितल्याशिवाय त्यांना कळावे कसे? आपण स्वतः पथ्य म्हणून यवाची पेया सुचवितो, तीही या रोगात वर्ज्यच. ‘काय बंद’ याऐवजी ‘काल सकाळपासून रात्रीपर्यंत काय काय खाल्ले’ असे विचारून वहीत लिहून घेतले, तर अर्धे निदान तेथेच होते. तीन-चार दिवसांची अशी नोंद आणि दर भेटीला वजन-उंची यांवाचून मी आता कोणत्याही बालकाचे कोणतेही अन्न काढीत नाही.

काही प्रयोगशाळा रक्ताच्या एका नमुन्यावर शंभर-दीडशे पदार्थांची ‘असहिष्णुता’ सांगणारा रंगीत अहवाल देतात. त्या आयजीजी चाचण्यांविषयी थोडक्यात: ही प्रतिपिंडे ते अन्न पोटात गेल्याचे दाखवितात, ते सोसत नसल्याचे नव्हे. जगभरच्या अ‍ॅलर्जीतज्ज्ञांच्या संघटना यांच्या वापराविरुद्ध सांगत आल्या आहेत. पालकांचे हजारो रुपये त्यात जातात आणि मुलाच्या ताटातले वीस पदार्थ.

अन्न काढण्याइतकेच ते वेळेवर देणेही महत्त्वाचे, याला आता भक्कम पुरावा आहे. इंग्लंडमध्ये झालेल्या व २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, तीव्र इसब वा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेल्या अर्भकांना चार ते अकरा महिन्यांच्या वयापासून नियमित शेंगदाणा दिला असता पाचव्या वर्षी शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी सुमारे ऐंशी टक्क्यांनी कमी आढळली. अशा मुलांची आधी तपासणी करावी लागते आणि दाणे अख्खे न देता बारीक कूट करून द्यावे लागते, हे खरे. पण अभ्यासाने सात्म्य घडते, हा ओकसात्म्याचा विचार आपल्याला नवा नाही. सुश्रुतांनी सहाव्या महिन्यात लघु व हितकर अन्न सांगितले. आपल्या घरांतील बाळगुटीत तर एकेक द्रव्य वेगळे, मोजक्या वेढ्यांनी उगाळले जाते; कोणत्या द्रव्याने बाळास काय झाले हे आजीला दुसऱ्या दिवशी सांगता येई. तयार चूर्णगुटीत ही सोय गेली. (गुटीत बदाम असतो, हे इतिहास घेताना विसरू नये, आणि एक वर्षाच्या आतील बाळाला मधाचे अनुपान देऊ नये, हे जाता जाता.)

शेवटी औषधनिर्मात्यांशी थोडे बोलावयाचे आहे. त्या मुलीचे निदान झाल्यावर मी माझ्या योजनेतील एकेक द्रव्य तपासले आणि हिंग्वाष्टकापाशी अडखळलो. बाजारात सर्रास मिळणारे बांधणी हिंग म्हणजे थोडा राळेचा अंश, डिंक आणि पुष्कळदा गव्हाचे वा तांदळाचे पीठ. डबीवर ते छापलेले असते. मी कधी वाचले नव्हते. हिशेब करून पाहा. दिवसाला एक ग्रॅम चूर्ण, त्यात अष्टमांश म्हणजे सव्वाशे मिलिग्रॅम हिंग, त्यात निम्म्याहून अधिक पीठ धरले तर ग्लूटेन सहा-सात मिलिग्रॅम. दिवसाला दहा मिलिग्रॅमपर्यंत बहुतेक रुग्णांना सोसते असे मानतात. पन्नास मिलिग्रॅम रोज गेल्यास काही महिन्यांत आतड्यास इजा होते. म्हणजे केवळ माझ्या चूर्णाने ती मुलगी बिघडली असे म्हणता येणार नाही. पण तेच हिंग घरच्या वरणात व भाजीतही पडत होते, आणि गव्हाचे कडक पथ्य सांगणाऱ्या वैद्याच्याच पुडीतून गहू जात होता.

वेष्टित खाद्यपदार्थांवर ग्लूटेनयुक्त धान्य, दूध, शेंगदाणा यांची घोषणा आता बंधनकारक आहे. आपल्या औषधांच्या लेबलावर घटकद्रव्यांची यादी असते, पण तीत ‘हिंगू’ एवढेच येते. त्या हिंगात काय आहे, ते येत नाही. मी दोन परिचित फार्मसीमालकांना विचारले. एकाने गोदामातून डबा मागविला, वाचला आणि तो गप्प झाला. दुसऱ्याने सांगितले की शुद्ध हिंगाचा भाव कितीतरी पटींनी अधिक आहे, सगळे चूर्ण त्यात करणे परवडणार नाही. त्याचे म्हणणे खोटे नाही. तेव्हा सगळे चूर्ण तसे करू नका. तांदळाच्या पिठात बांधलेले हिंग मागवून बालकांसाठी छोटा घाणा वेगळा काढा, आणि बाकीच्या बरण्यांवर ‘यातील हिंग गव्हाच्या पिठात बांधलेले आहे’ एवढी एक ओळ वाढवा.