रिफ्लेक्टर धरणारा माणूस

‘अछूत कन्या’ म्हटलं की झाडाच्या फांदीवर बसून गाणारे देविकाराणी आणि अशोककुमार डोळ्यांसमोर येतात. अस्पृश्य कस्तुरी, ब्राह्मण प्रताप आणि रेल्वेच्या फाटकापाशी चिरडलं गेलेलं त्यांचं प्रेम. सिनेमा १९३६चा. तो घडताना कसा दिसत होता हे आज आपल्याला पाहता येतं, ते योझेफ विर्शिंग या म्युनिकहून आलेल्या छायालेखकामुळे.

हा सिनेमा काढणारा बॉम्बे टॉकीज स्टुडिओ हिमांशू राय यांनी १९३४मध्ये मालाडला उभा केला आणि दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन, विर्शिंग अशी जर्मन मंडळी सोबत घेतली. विर्शिंग सिनेमा चित्रित करत आणि मधल्या वेळात लायका कॅमेरा काढून सेटवरचे फोटो टिपत. दुसरं महायुद्ध पेटलं तशी इंग्रजांनी विर्शिंगना स्थानबद्ध केलं. निगेटिव्ह मात्र वाचल्या. सहा हजारांच्या घरातला हा ठेवा त्यांच्या कुटुंबाने गोव्यात जपला आणि २०१७मध्ये पणजीच्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात त्यातले निवडक फोटो लोकांसमोर आले.

देविकाराणी आधीच्या नायकाबरोबर निघून गेल्या आणि रायसाहेबांनी प्रयोगशाळेतल्या अशोककुमारांना कॅमेऱ्यासमोर उभं केलं, हा किस्सा सिनेमावेड्यांना तोंडपाठ असतो. मला त्यापेक्षा या फोटोंच्या कडेला उभी असलेली माणसं मोलाची वाटतात. नायिकेच्या गालावर ऊन हलकेच पडावं म्हणून भर दुपारी रिफ्लेक्टर धरणारा, ट्रॉली ढकलणारा, दिव्यांच्या वायरी ओढणारा. श्रेयनामावलीत यांना जागा नव्हती. पडद्यावरच्या प्रेमाला त्यांचा घाम लागलाय, याचा पुरावा फक्त या निगेटिव्हमध्ये आहे. देबश्री मुखर्जी यांच्यासारख्या अभ्यासकांनी तो वाचायला घेतला, ही फार मोठी गोष्ट आहे.

स्टुडिओची पत्रं, पटकथा आणि पोस्टरं तर मेलबर्नला निघाली, रायसाहेबांच्या नातवाकडे. म्हणजे दोन्हीकडे घरच्यांनी सांभाळलं म्हणून राहिलं. स्टुडिओच्या मालाडच्या आवारात मात्र आज लहानमोठे कारखाने आहेत.

कमी पैशांत, मित्रांच्या भरवशावर प्रेमकथा करणारे आपले मराठी निर्माते बघितले की त्यांच्याकडचं असं सगळं हरवण्याची धास्ती वाटते. कॉल शीट व्हॉट्सॲपवर, लोकेशनचे फोटो असिस्टंटच्या मोबाइलमध्ये, खर्चाच्या पावत्या कुठल्यातरी पिशवीत. सिनेमा लागला, उतरला, मोबाइल बदलला की संपलं. कंटिन्युइटीची वही तर शेवटच्या दिवशी सेटवरच राहते आणि रद्दीत जाते.

पुण्यात १९६४पासून राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. तिथे रिळांबरोबर पटकथा, फोटो, पोस्टरंही ठेवली जातात. सध्या ज्यांचं शूटिंग संपत आलंय त्यांनी तिथे देण्यासाठी पॅकअपच्या दिवशी एक खोका बाजूला काढावा. कॉल शीटचे प्रिंट काढून, फोटोंमागे नावं लिहून, वहीसकट सगळं त्यात भरावं. आणि युनिटची यादी करताना स्पॉटदादा, लाइटमन, ड्रायव्हर यांची पूर्ण नावं विचारून लिहावीत, आडनावांसकट.